खाडे कशाने कमी होतात?

जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. यंत्रे विलायतेहून आली होती, कापूस आसपासच्या रानात पिकत होता. अडचण माणसांची होती. हातात चार पैसे आले की कामगार गावी जात, खाडे वाढत आणि साचे नुसते उभे राहत.

अशा वेळी दंड करायचा, पगार कापायचा, ही गिरण्यांची सर्रास रीत. टाटा आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी नियमित हजेरीला बक्षीस ठेवले. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला, 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा व्हायला 1923 उजाडले आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर 1952 चा! खात्यांत हवा ओलसर ठेवणारी यंत्रेही बसवली. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत सारखे तुटते. हवा ओलसर असली की ते तुटायचे कमी होते. गिरणीत सुबत्ता होती असे मात्र कोणी समजू नये. प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा 1911 पर्यंत नव्हतीच. पण म्हातारपणाची सोय याच गिरणीत आहे, हे कळलेला माणूस टिकतो. टिकलेल्या माणसाचा हात बसतो, आणि हात बसला की माल चांगला निघतो. रोज नवा बदली कामगार घेऊन हे साधत नाही.

जमशेटजींनी जे आपणहून केले, त्यातले बरेच आज कायद्याने बंधनकारक आहे. तरीही पगारातून फंड कापून तो न भरणारे मालक आहेत. ओव्हरटाइमचा हिशेब तोंडी ठेवणारे ठेकेदार आहेत. माझ्या मते ही चोरीच आहे, आणि ती मालकाच्याही मुळावर येते. हक्काच्या पैशाची खात्री नसलेला माणूस पाळीभर दुसरी नोकरी शोधत असतो. शिकवून तयार केलेला कारागीर शेजारच्या कारखान्यात गेला, की नव्याला शिकवण्याचा खर्च आणि बिघडलेला माल दोन्ही पदरात पडतात. ताळेबंदात या नुकसानीचा वेगळा रकाना नसतो, म्हणून ते दिसत नाही.

फंडाची रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावी लागते. मालकांनो, ती तारीख पाळा. आणि नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने एखाद्या सुटीच्या दिवशी आपले पीएफचे पासबुक उघडून मागच्या महिन्याची नोंद पाहावी.