मातीचे बैल, मुलांच्या हातचे

ज्येष्ठ सरता सरता बेळगाव परिसरात भिजलेल्या मातीचा वास सुटतो आणि अमावास्येला अनेक घरांत मातीच्या बैलांची जोडी पाटावर येते. आमचे कन्नड शेजारी या सणाला ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी पोळा श्रावण अमावास्येला होतो, इकडचे हे बैल दोन महिने आधी येतात. भाषेची वेस ओलांडून आमच्या देवघरात आलेल्या या जोडीला आम्ही कधी परके मानले नाही.

मात्र गेली काही वर्षे आम्हीही बाजारातून साच्यातली, रंगवलेली जोडीच आणीत होतो. गेल्या वर्षी सात वर्षांच्या नातवाने हट्ट धरला म्हणून माती आणली. त्याने केलेल्या बैलाला वशिंडच नव्हते! सपाट पाठ, आखूड मान. चित्रांच्या पुस्तकातल्या विलायती गाईसारखा. आम्ही अर्थातच शहाणपणा केला. तो जेवायला बसला असताना वशिंड चढवले, शिंगांना डौल दिला. परत येऊन त्याने बैल उचलून पाहिला, ‘आजी, हा माझा नाही’ एवढेच म्हणाला आणि पूजेला काही बसला नाही.

यंदा आम्ही हात आवरला. सणाआधी मुलांना जवळच्या खेड्यात नेले. खिलार बैलाची मागे झुकलेली लांब शिंगे, चालताना डुलणारे वशिंड, गळ्याखालची पोळी हे सारे मुले तासभर बघत राहिली. घरी येऊन नातवाने आधी वशिंडच घडवले, आणि तेही एवढे थोरले की बैलाला उंट म्हणावे. आम्ही चकार शब्द काढला नाही.

मातीविषयी मात्र सांगायला हवे. काळी माती आकार छान घेते, पण पाण्याने फुगते तशीच वाळताना आकसते आणि तडकते. तीत चाळलेली बारीक वाळू मिसळावी. खानापूरकडची कुंभाराची माती मिळाली तर उत्तमच. खडे वेचून माती भिजवावी, ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवावी आणि सकाळी कणकेसारखी मळावी. पाय वेगळे करून जोडायचे असल्यास दोन्हीकडे काडीने रेघोट्या ओढून मध्ये पातळ चिखल लावावा. नुसत्या पाण्याने चिकटवलेले पाय वाळल्यावर गळून पडतात. लहानग्यांना एकाच गोळ्यातून चिमटीने चारही पाय ओढून काढू द्यावेत, ते अधिक सोपे. बैल सावलीतच वाळवावेत. डोळ्यांना ज्वारीचे दाणे पुरेत. गुंजा लावण्याचा मोह होतो, पण ते बी विषारी आहे. मुलांच्या हाती देऊ नये. झुलीच्या नक्षीसाठी पेरूचे पान ओल्या मातीवर दाबून अलगद उचलावे, शिरान् शिर उमटते. हे काम मुलांना इतके आवडले की बैल बाजूला राहून परसातल्या प्रत्येक झाडाच्या पानाचे ठसे निघाले!

पूजेनंतर आम्ही जोडी परसातल्या झाडाच्या बुंध्याशी ठेवतो. कच्ची माती पावसात विरघळून जाते. यंदा नातवाने आपला उंटवजा बैल द्यायला साफ नकार दिला. सध्या तो खिडकीत उभा आहे. त्याचे एक शिंग मोडले आहे, आणि ते जोडण्याची परवानगी आम्हांला अद्याप मिळालेली नाही.