पंचनाम्यात न लिहिलेली गोळी

लेखमाला : औषध, माणूस आणि कायदा – लेखांक सहावा

ऑगस्ट २०२२ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात एका विवाहित आदिवासी तरुणीचा मृत्यू झाला. पोलिसांनी ती आत्महत्या मानली. घरच्यांना ते पटले नाही. मुलीवर अत्याचार करून तिला मारले, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पहिल्या शवविच्छेदनात त्या दिशेने नीट तपासणी झालीच नाही, ही त्यांची तक्रार होती. वडिलांनी अंत्यसंस्कार केले नाहीत. त्यांनी शेतात खड्डा खणला, मुलीचा देह मिठात जपून ठेवला आणि ‘पुन्हा पीएम करा’ ही मागणी धरून ठेवली. जवळजवळ दीड महिना ते मीठ तो देह राखत होते. बातम्या झाल्या, गदारोळ झाला, तेव्हा सप्टेंबरच्या मध्यावर सातपुड्यातून तो देह मुंबईला जे. जे. रुग्णालयात नेण्यात आला आणि दुसऱ्यांदा शवविच्छेदन झाले.

या घटनेचा मनाच्या औषधांशी काही संबंध नव्हता, हे आधीच सांगायला हवे. तरीही नैराश्यावरची औषधे, त्यांच्यामुळे क्वचित ओढवणारी आत्महत्या किंवा हिंसा आणि त्याचा जाब मागणारी कुटुंबे या विषयात शिरायचे तर धडगावहूनच शिरावे लागते. मृत्यूची नोंद एकदा ‘आत्महत्या’ अशी झाली की पुरावा गोळा करणारे हात थांबतात आणि तो जपण्याचे ओझे घरच्यांवर येऊन पडते, हे त्या बापाने कुठल्याही वकिलाआधी ओळखले होते. औषध दोषी की निर्दोष, या वादावर अमेरिकेत तीस वर्षांहून अधिक काळ खटले चालले. आपल्याकडे तो वाद उभाच राहू शकत नाही. आपली औषधे अधिक सुरक्षित आहेत, असे त्याचे कारण नाही. मृत्यूच्या कागदात औषधाचा उल्लेखच नसतो, हे कारण आहे.

आधी वैद्यकाचे काय म्हणणे आहे ते पाहू, कारण इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले आणि किशोरवयीनांवरच्या २४ चाचण्या एकत्र करून तपासल्या. त्यांत ४,४०० हून अधिक मुले होती. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के मुलांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन दिसले, तर नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण २ टक्के होते. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती. तेवढ्यावर त्याच वर्षी या सर्व औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा आला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवण्यात आला. प्रौढांच्या ३७२ चाचण्यांतून, म्हणजे जवळजवळ लाखभर माणसांच्या नोंदींतून, वयागणिक वेगळे चित्र दिसले : पंचविशीच्या आत धोका वाढलेला, मधल्या वयात फारसा फरक नाही आणि पासष्टीनंतर उलट कमी झालेला. हिंसेबाबतचा पुरावा याहून पातळ आहे. स्वीडनमध्ये ही औषधे घेतलेल्या साडेआठ लाखांवर लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १५ ते २४ या वयोगटात, औषध चालू असतानाच्या काळात हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षा जास्त आढळल्या. वरच्या वयांत तसा ठोस संबंध दिसला नाही. त्या तरुण गटातही हे औषधामुळेच झाले, असे अशा अभ्यासावरून ठामपणे म्हणता येत नाही.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. नैराश्याचा आजारच माणसाला मृत्यूकडे ढकलतो. मग दोष आजाराचा की गोळीचा, हे ठरवायचे कसे? उत्तर असे की लाखभर माणसांच्या सरासरीतून एका माणसाचे उत्तर निघत नाही, पण त्या एका माणसाच्या शेवटच्या काही दिवसांतून निघू शकते. औषध कधी सुरू झाले, मात्रा कधी वाढवली किंवा अचानक बंद केली, आणि त्यानंतर वागण्यात काय बदल दिसला? डॉक्टर ज्याला अकॅथिशिया म्हणतात ती अवस्था घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही. माणसाला एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलत राहतात, रात्रभर येरझाऱ्या चालतात, ‘आतून काहीतरी कुरतडतंय’ असे तो सांगतो. हे पूर्वी कधी नव्हते आणि गोळी सुरू झाल्यावर चार दिवसांत आले असेल, तर त्या क्रमाला अर्थ आहे. गोळी सुरू होण्याआधीच सारे तसेच चालले असेल, तर औषधावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल. म्हणजे तारखा लिहिलेल्या असतील तर कंपनीवर खोटा आळ येत नाही आणि खरा दोष लपतही नाही.

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या जिलेट गावची घटना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये तिथल्या साठीच्या एका गृहस्थाने पत्नी, मुलगी आणि तान्ही नात यांना मारून स्वतःचाही अंत केला. पॅरॉक्सेटीन हे औषध सुरू होऊन त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते. जावयाने कंपनीवर दावा लावला. जून २००१ मध्ये ज्यूरीने हे औषध काही माणसांना अशा टोकाला नेऊ शकते असे मान्य करून ८० टक्के जबाबदारी कंपनीवर ठेवली आणि सुमारे ६४ लाख डॉलर भरपाई ठरवली. हा निकाल केवळ सहानुभूतीवर लागला नाही. त्याच गृहस्थाला १९९० मध्ये याच जातकुळीतले दुसरे औषध दिले असताना अस्वस्थपणा वाढला होता, हे त्या वेळच्या डॉक्टरच्या कागदावर होते. निरोगी माणसांवर कंपनीने पूर्वी केलेल्या चाचण्यांचे दप्तरही न्यायालयापुढे आले. पुढे मे २००६ मध्ये याच औषधाच्या कंपनीने डॉक्टरांना पत्र पाठवून आपल्याच चाचण्यांचा आकडा कळवला : नैराश्याच्या प्रौढ रुग्णांत औषध घेणाऱ्या ३,४५५ जणांपैकी ११ जणांनी, तर साखरगोळीवरच्या १,९७८ जणांपैकी एकाने आत्महत्येचा प्रयत्न केला होता.

कुटुंबे नेहमी जिंकतात, असे मात्र नाही. शिकागोत २०१० मध्ये मरण पावलेल्या एका वकिलाने हेच औषध दुसऱ्या कंपनीच्या जेनेरिक गोळीच्या रूपात घेतले होते. पत्नीने मूळ कंपनीवर दावा केला, कारण इशाऱ्याचा मजकूर त्या कंपनीचा होता. २०१७ मध्ये ज्यूरीने ३० लाख डॉलर दिले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण प्रौढांसाठीचा इशारा औषध प्रशासनानेच नाकारला होता. मला या खटल्यात महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. त्या माणसाने कोणत्या कंपनीची गोळी घेतली होती, हे निर्विवाद होते. म्हणूनच जबाबदार कोण, या प्रश्नावर दोन न्यायालयांत कायद्याचा कीस काढता आला.

आता आपल्या राज्यातले उदाहरण घेऊ. ते औषधाचे नाही, कीटकनाशकाचे आहे. पण उत्पादकाला जाब विचारणाऱ्या मराठी कुटुंबांचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा या कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये तक्रार दाखल झाली. शिवाय दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी बासेलच्या न्यायालयात दावा केला. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण तिला उत्तर द्यावे लागले, कारण पोलीस आणि प्रशासनाच्या कागदांत ९६ विषबाधांशी ‘पोलो’ या तिच्या उत्पादनाचे नाव जोडलेले होते. यवतमाळच्या सरकारी नोंदीत नुसते ‘फवारणीचे औषध’ असे लिहिले असते, तर बासेलला नेण्यासारखे त्या विधवांच्या हाती काय राहिले असते?

धडगावच काय, मुंबईतही आत्महत्या मानलेल्या मृत्यूनंतर काय होते, ते पाहावे. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचांसमक्ष पंचनामा होतो. त्यात सदऱ्याचा रंग येतो, मनगटावरचा दोरा येतो, खिशातली नाणी मोजून येतात. फडताळावरची गोळ्यांची पट्टी मात्र सहसा येत नाही. ती मिळाली तरी अनेकदा अर्धीच असते : दुकानदाराने कात्रीने कापून चार गोळ्या दिलेल्या असतात, आणि बॅच क्रमांक नि कंपनीचे नाव असलेली कड दुकानातल्या उरलेल्या तुकड्यावर राहिलेली असते. बिल नसते. चिठ्ठी डॉक्टरची असलीच तर घड्या पडून फाटलेली. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवतात ते मुख्यतः विष शोधायला. माणूस कोणती गोळी घेत होता हे प्रयोगशाळेला कळवलेच नाही, तर प्रयोगशाळा ती का शोधेल? २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यांची विभागणी कौटुंबिक कलह, आजारपण, कर्ज अशा कारणांत करतो. मृत्यूआधीच्या महिन्यात कोणते औषध सुरू झाले होते, हा रकाना त्यात नाही.

कायदा मात्र या कागदाची वाट पाहत उभा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आणले. पुरेसा इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाकडे भरपाई मागता येते. त्यातच उत्पादकाला बचावही दिला आहे : तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायची वस्तू असेल आणि तज्ज्ञाला योग्य इशारा दिलेला असेल, तर कंपनी सुटते. म्हणजे मग प्रश्न डॉक्टरकडे येतो की त्याने तो इशारा घरच्यांपर्यंत पोचवला का. गोळी चिठ्ठीशिवाय विकली असेल तर प्रश्न दुकानदाराकडे जातो. जबाबदारीची ही साखळी कायद्यात नीट आहे, पण तिची पहिली कडी म्हणजे कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून, कोणी दिली. ती नसेल तर पुढच्या कड्या हवेत लोंबकळतात.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा, आणि तो मी पहिल्यापेक्षा गंभीर मानतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार मनाच्या निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. अशा देशात गोळीच्या धोक्याची चर्चा केली तर जे थोडे लोक औषध घेतात तेही सोडतील. अमेरिकेत २००४ च्या इशाऱ्यानंतर किशोरांना ही औषधे देणे घटले आणि त्यामुळे जीव गेले, असे काही संशोधकांनी मांडले. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी शंका घेतल्या, पण ही भीती झटकून टाकण्यासारखी नाही. म्हणून स्पष्ट सांगतो : ही औषधे अनेकांना सावरतात, आणि सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे हेच धोक्याचे आहे. पहिल्या आठवड्यांत किंवा मात्रा बदलल्यावर विलक्षण तगमग दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरला गाठावे. मनात मरणाचे विचार येत असतील तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. पण मृत्यूनंतरच्या पंचनाम्यात औषधाची नोंद केल्याने कोणाचा उपचार सुटत नाही. उलट नोंद नसताना ‘ती गोळी खाल्ली आणि गेला’ अशी कुजबुज गावभर होते, आणि तिला खोडून काढायला डॉक्टरजवळही काही नसते.

तिसरा आक्षेप धडगावकडे पाहून कोणीही घेईल. तिथे मनोविकारतज्ज्ञापर्यंत पोचणेच अवघड, पाड्यावरून रुग्णाला झोळीत घालून आणावे लागते, तिथे नैराश्याच्या गोळीच्या दुष्परिणामांची नोंद कसली मागता? पण जिथे तज्ज्ञ दूर असतो, तिथेच दिलेल्या गोळीवर पुन्हा नजर टाकणारे कोणी नसते. पहिल्या दोन आठवड्यांत रुग्णाला परत बोलवावे, हा साधा नियम डोंगर उतरून येणाऱ्याच्या बाबतीत पाळला जाणे कठीण. आणि नोंदीसाठी तज्ज्ञ लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर, हवालदार आणि पोलीस पाटील यांना पुरेल एवढेच काम आहे : गेल्या तीन महिन्यांत सुरू झालेली, बदललेली, बंद केलेली औषधे, पट्टीचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो, चिठ्ठी देणारा आणि विकणारा, वागण्यातला बदल घरच्यांच्या शब्दांत, आणि तोही त्यांच्या भाषेत, मग ती पावरी असो की भिली. गृह आणि आरोग्य खात्यांनी एक परिपत्रक काढले तर पंचनाम्याच्या नमुन्यात ही चार वाक्ये बसतात.

तोवर हे काम कुटुंबालाच करावे लागणार आहे. पट्टी, डबी, चिठ्ठी फेकू नये. पंचनामा चालू असतानाच ती पंचांपुढे ठेवून लिहून घ्यायला सांगावे. औषधाचे नाव व्हिसेराच्या पत्रात घालण्याचा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. औषधाच्या दुष्परिणामाची तक्रार डॉक्टरच करू शकतो असे नाही. राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्ण आणि नातेवाईकही कळवू शकतात. ग्राहक आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होतो, पण कारण पटवायलाही कागदच लागतो, आणि तो अर्ज दिल्याच्या तारखेपासून आपल्या हातात असलेला बरा.