पुंगळीचं बूड वाचताना

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्याच युद्धात मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अशा मुलखात जुना वाडा उतरवताना किंवा माळा झाडताना लष्करी .३०३ रायफलचं काडतूस निघालं, तर नवल नाही. त्याचं करायचं काय?

लष्कराचा शिलकी दारूगोळा जिथे खुल्या बाजारात मिळतो, तिथे यावर दोन वाटा असतात. दुर्मीळ शिक्का आणि न फोडलेलं पाकीट जपायचं, बाकीचं चांदमारीत उडवायचं, असा साधारण शिरस्ता. आपल्याकडे दुसरी वाट बंदच आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे जिवंत काडतूस बाळगायलाही परवाना लागतो, आणि .३०३ रायफल सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित गटात मोडते. म्हणून तर नागरी परवान्यावर .३१५ बोअरची रायफल मिळते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी जुनं काडतूस झाडू नये असंच मी म्हणेन. त्या काळच्या टोपीतल्या, म्हणजे बुडाशी असलेल्या प्राइमरमधल्या, मसाल्याचा क्षार नळीत राहतो, ओल धरतो आणि नळी गंजवतो. पितळाचं दुखणं वेगळंच. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या छावण्यांत, पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली काडतुसं मानेपाशी तडकू लागली. त्याचा नीट उलगडा १९२१ साली झाला: घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ घडवताना त्यात राहून गेलेला ताण. आपल्या जुन्या घरांत गोठा आणि माळा एकाच छपराखाली असत, हे इथे ध्यानात घ्यावं.

राहता राहिलं जपणं. काय जपण्याजोगं, ते काडतुसाचं बूड सांगतं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. त्याच्या शिक्क्यात के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं, बाण, सालाचे शेवटचे दोन आकडे आणि काडतुसाचा प्रकार दाखवणारा रोमन अंक असतो; सात हा अंक १९१०पासूनच्या १७४ ग्रेन गोळीचा. टोपीभोवतीची जांभळी कड म्हणजे साधी गोळी, तांबडी म्हणजे उजेडाची रेघ ओढत जाणारी, हिरवी म्हणजे चिलखतभेदी. म्हणून पितांबरी लावून घासू नका, रंगाबरोबर पुरावाही जातो. बाटलीसारखी मान नसलेली सरळ पुंगळी दिसली, तर ती पोलिसांच्या .४१० मस्केटची असू शकते.

सातारा-सांगलीत हा तपशील मोलाचा ठरतो. 'चले जाव' चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ला वडूजच्या आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला. २४ जुलै १९४३ला सांगलीचा तुरुंग फोडून निघालेल्या वसंतदादा पाटलांच्या खांद्यात गोळी घुसली. ब्रिटिशांना समांतर चाललेल्या नाना पाटलांच्या प्रतिसरकारकडे आणि त्याच्या तुफान सेनेकडेही बंदुका होत्या. त्यामुळे घरोघरी 'ही त्या दिवसाची पुंगळी' अशी आठवण ऐकू येते. बुडावर ४४ असेल, तर ती वडूजची नव्हे. मात्र ४१ असलं म्हणून ती वडूजचीच, असंही ठरत नाही. साल काडतूस घडल्याचं असतं, झाडल्याचं नसतं. मला ही छाननी आठवणीचा अपमान वाटत नाही. हुतात्म्यांच्या नावावर खोटी वस्तू चढू नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

जिवंत काडतूस सापडलं तर हात न लावता फोटो काढावा आणि पोलीस ठाण्याला कळवावं. पकडीने गोळी उपटून दारू काढण्याचा उद्योग कोणीही करू नये. तोफगोळा किंवा हातबॉम्ब दिसला तर लांब सरावं. तो बॉम्बशोधक व नाशक पथकाचाच विषय. झाडलेल्या पुंगळीची गोष्ट निराळी. ती साताऱ्याच्या किंवा औंधच्या संग्रहालयाला दाखवावी. प्रतिसरकारचं केंद्र असलेलं कुंडल औंध संस्थानातलंच, तेव्हा औंधचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. आणि पुंगळीसोबत चिठ्ठी हवीच: कोणत्या गावात, घराच्या कोणत्या भागात सापडली, त्या घरातलं कोण कोणत्या पलटणीत होतं, कोण भूमिगत होतं. ही माहिती देऊ शकणारी माणसं आता नव्वदीत आहेत. त्यांच्याकडे या दिवाळीतच जायला हवं.