अपडेटनंतर टोकन चालेना? आधी ते फॉरमॅट करू नका

दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आसपास छोटे-मोठे ठेके घेऊन चालणारी आपली बरीच घरं आहेत. निविदा आता ऑनलाइन भरायची, म्हणजे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लागतंच. ते पेनड्राइव्हसारखं दिसतं, पण असतं स्मार्टकार्डच. बँकेच्या कार्डावर असते तसली चिप त्याच्या आत असते. रात्रीपर्यंत लॉगिन होत होतं, पहाटे कॉम्प्युटर अपडेट झाला आणि आता ‘सर्टिफिकेट सापडलं नाही’ असं येतंय. मुदत दुपारपर्यंतच. अशा वेळी घाबरून जे केलं जातं, त्यानेच जास्त नुकसान होतं.

तुमच्या सहीची गुप्त किल्ली चिपमध्ये असते, ती बाहेर येत नाही. ब्राउझरला चिपची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. टोकनच्या ड्रायव्हरबरोबर येणारी छोटी सॉफ्टवेअर लायब्ररी म्हणजेच हा दुभाष्या. अपडेटने तो बदलला किंवा समोरच्याची भाषा बदलली, की बोलणं तुटतं. चिप मात्र ठणठणीत असते.

याचं ताजं उदाहरण १४ ऑक्टोबर २०२५ चं. त्या दिवशीच्या विंडोज अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेतली एक फट बुजवण्यासाठी स्मार्टकार्डशी बोलायची जुनी पद्धत बाजूला सारून नवी लावली. झालं, ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रामांना कार्डच दिसेना, सह्या अडकल्या. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांसाठी या अपडेटचा क्रमांक होता केबी ५०६६८३५. त्याच अपडेटने आणखी एक घोळ केला: कॉम्प्युटरचं स्वतःशीच होणारं बोलणं, म्हणजे लोकलहोस्ट, काही ठिकाणी बंद पडलं. आता बरीच सरकारी पोर्टलं सही घेताना तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या छोट्या प्रोग्रामशी बोलतात, जीएसटीचं ईएमसायनर त्यातलंच. म्हणजे टोकन चांगलं, ड्रायव्हर चांगला, तरी लॉगिन नाही! लोकलहोस्टची अडचण पुढे दुरुस्त झाली. स्मार्टकार्डसाठी रजिस्ट्रीतली एक नोंद ० करायचा तात्पुरता उपाय मायक्रोसॉफ्टने सांगितला. तो घरी करत बसू नका. जाणकाराला वरचा क्रमांक सांगा, त्याला बाकीचं सापडेल.

तुम्ही स्वतः करायचं ते सोपं आहे. टोकन दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा, मधला हब काढून टाका. मग ब्राउझर नको, टोकनसोबत आलेला त्याचा स्वतःचा प्रोग्राम उघडा. त्यात तुमचं नाव आणि सर्टिफिकेट दिसलं, तर टोकन आणि ड्रायव्हर दोन्ही बरे आहेत. दोष ब्राउझरकडे, जावाकडे किंवा सहीच्या प्रोग्रामकडे. दिसलं नाही, तर जुना ड्रायव्हर काढा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा आणि टोकनच्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर घ्या. तिथेच मुदतीची तारीखही बघून घ्या. सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३ वर्षांचं असतं, आणि कधी कधी अपडेटला शिव्या घालताना ते आदल्याच दिवशी संपलेलं निघतं.

त्या प्रोग्राममध्ये ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ असं बटण असू शकतं. त्याला हात लावू नका. ते दाबलं की किल्ली पुसली जाते, तिची दुसरी प्रत कुठेच नसते. मग नवं सर्टिफिकेट, पुन्हा व्हिडिओ पडताळणी, पुन्हा पैसे. आणि निविदा तर गेलीच. पिनचंही तसंच. अंदाजाने चुकीचा पिन टाकत राहिलात तर टोकन लॉक होतं. घरातल्या पोराला ‘तू बघ जरा’ म्हणून द्यायच्या आधी हे दोन्ही त्याला सांगा.

सायबरवाल्याकडे टोकन न्यावंच लागलं, तर समोर बसा, पिन स्वतः टाका आणि काम झालं की टोकन काढून खिशात घाला. तुमच्या टोकनने झालेली सही कायद्याने तुमचीच धरली जाते. ऑफिसात दुसरा कॉम्प्युटर असेल तर त्यावरही ड्रायव्हर टाकून ठेवा, आणि निविदेच्या आदल्या दिवशी दोन्हीवर एकदा लॉगिन करून बघा.