बीटल्सच्या गाण्यात आपली पेटी आणि पखवाज

राजापूरच्या भजनीबुवांनो, पखवाजवाल्यांनो आणि रॉकवेड्यांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी! 🎶

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला होता. 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याने एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसोबत काम केलं. त्याच मुक्कामात 'द इनर लाइट' या गाण्याचं वादनही ध्वनिमुद्रित झालं.

वाद्यं कोणती? सरोद, शहनाई, बासरी, पखवाज आणि हार्मोनियम! गिटार नाही, ड्रम्स नाहीत. गायन नंतर लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत झालं. मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला हे गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर झळकलेली जॉर्जची ही पहिलीच रचना.

चाहते जॉर्जच्याच 'विदिन यू विदाउट यू' या गाण्याबद्दल भरभरून बोलतात. मला मात्र तीन मिनिटांच्या आत संपणारं हे गाणं अधिक प्रिय आहे. डबलबारी भजनं ऐकत वाढलेल्या कानांना त्यातला पखवाज लगेच ओळखीचा वाटेल. हेडफोन लावून नक्की ऐका.

तुमच्या घरी मुंबईच्या चाकरमान्यांनी बीटल्स, क्वीन, पिंक फ्लॉइडच्या कॅसेट आणल्या होत्या का? पहिलं गाणं कोणतं ऐकलंत? कमेंटमध्ये जरूर लिहा!