लांब मानेचा भोपळा

कर्जतहून मुरबाडकडे निघालं की कडाव लागतं. गणपतीच्या देवळासाठी ओळखलं जाणारं, भाताच्या खाचरांमधलं गाव. पावसाळ्यात भात, आणि जिथे राजनाल्याचं पाणी पोचतं तिथे उन्हाळ्यातही भात. भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी या कालव्याने खाली येतं, त्यामुळे एप्रिलच्या रणरणत्या उन्हातही या पट्ट्यात हिरवी शेतं दिसतात. भोपळ्याला मात्र इथे कुणी पीक म्हणत नाही. तो परसातला. मृगाच्या पावसात उकिरड्याशेजारी दोन बिया टोचायच्या, वेल छपरावर किंवा कुडावर चढवून द्यायचा आणि गणपतीनंतर फळं मोजायची, एवढीच त्याची शेती.

शहरातल्या मॉलमध्ये बटरनट स्क्वॉश मिळू लागला, तसा तो शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या पिशवीतून इथल्या फार्महाऊसवरही येऊ लागला. फिकट बदामी रंग, लांब मान, खाली गोल पोट. पाहुण्यांनी मोबाइलवर पाककृती शोधून ठेवलेली असते: ओव्हन दोनशे अंशांवर, पाऊण तास, ऑलिव्ह तेल, थाइम, वरून क्रीम. फार्महाऊसवर ओव्हन नसतो आणि क्रीम घरीच राहिलेलं असतं. मग स्वयंपाकाला येणाऱ्या गावातल्या मावशी ते फळ हातात घेऊन उलटंपालटं करतात आणि विचारतात, "भोपळाच ना हा? मग त्यात एवढं काय करायचं?"

शास्त्र मावशींच्या बाजूने आहे. बटरनट ही कुकुर्बिटा मोस्काटा या जातीची निवड. आपल्याकडे लाल भोपळा म्हणून विकली जाणारी बरीच वाणं याच जातीची; पुसा विश्वास किंवा बंगळुरूच्या संस्थेचं अर्का चंदन ही त्यातलीच. काही लाल भोपळे कुकुर्बिटा मॅक्सिमा या दुसऱ्या जातीचे असतात. ओळखायचं असेल तर देठ पाहा. मोस्काटाचा देठ टणक, कंगोरेदार आणि फळाला चिकटतो तिथे पसरट होतो. मॅक्सिमाचा जाडजूड, गोल आणि बुचासारखा भुसभुशीत. बटरनटचा देठ पाहिलात की नातं लगेच ध्यानात येतं. त्याची लांब मान आणि छोटं पोट १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टो या गावी, चार्ल्स लेगेट यांनी लोकांपुढे आणली. तिथल्याच वॉल्थमच्या संशोधन केंद्राने सुधारलेल्या वाणाला १९७० मध्ये ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा मान मिळाला, आणि अजूनही बियाण्याच्या पाकिटावर 'वॉल्थम' हे नाव दिसतं.

परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच. कोलंबसाच्या सफरींआधी तो इकडे कुणी पाहिलेलाही नव्हता. तरी ऋषीपंचमीच्या भाजीत तो अगदी सोवळ्यात जाऊन बसला, आणि शेजारी मक्याचं कणीसही, तेही तिकडचंच. दुधी तेवढा आपल्याकडे फार जुना. तेव्हा बटरनट हा पाहुणा नसून आधीच घरात नांदणाऱ्याचा चुलतभाऊ आहे. त्याला क्रीम आणि थाइम लागतं हा समज सोडला, तर आपल्या फोडणीत तो छान रमतो. फक्त तो आपल्या भोपळ्यापेक्षा वेगळा कुठे आहे, एवढं ध्यानात ठेवायचं.

वेगळेपण मुख्यतः पाण्यात आणि गोडीत आहे. बटरनटचा गर घट्ट, पाणी कमी, धागा जवळजवळ नाही. शंभर ग्रॅम कच्च्या बटरनटमध्ये साधारण ४५ कॅलरी आणि १२ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. साध्या भोपळ्यात याच्या निम्म्याहून थोडी जास्त. म्हणून आजीच्या मापाने गूळ घातला तर पदार्थ मिट्ट गोड होतो, आणि आजीच्या सवयीने पाण्याचा हबका मारला तर भाजीचा लगदा. बीटा-कॅरोटिन भरपूर, शंभर ग्रॅममागे चार मिलिग्रॅमच्या पुढे. ते अंगी लागायला तेल-तूप-खोबरं बरोबर हवं, म्हणजे नुसता उकडून खाण्यात शहाणपणा नाही.

दुसरं वेगळेपण आकारातलं. मान भरीव असते, तिच्यात बी नाही. बिया सगळ्या पोटात. या दोन भागांना एकच वागणूक देऊ नका. मानेच्या एकसारख्या चकत्या आणि फोडी पडतात, त्या भाजायला, परतायला, भजीला. पोटाचा गर जरा मऊ, तो किसायला, शिजवून घोटायला, घारग्यांना. चिरायची रीत अशी: आधी मान आणि पोट जिथे जुळतात तिथे आडवा छेद द्यायचा, मग दोन्ही तुकडे सपाट बाजूवर उभे करून साल वरून खाली उतरवायची. विळीवर आख्खं फळ धरून जोर लावू नये, ते गोल फिरतं आणि बोट जातं. फारच टणक असेल तर चार ठिकाणी टोचून पाच मिनिटं वाफेवर ठेवा. सोलताना हाताला चीक लागतो, तो वाळला की कातडी ताणल्यासारखी वाटते. हाताला आधी तेल लावलं की काम भागतं.

आता घारगे. कर्जत तालुका भाताचा आहे, इथल्या संशोधन केंद्रातून कर्जत-३, कर्जत-१८४ अशी भाताची वाणं निघाली, तेव्हा घारग्याला गव्हापेक्षा तांदळाचं पीठ मला जास्त पटतं. पोटाच्या भागाचा दोन वाट्या किस जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपावर, झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात शिजवायचा. लाल भोपळा असता तर वाटीभर गूळ लागला असता. इथे अर्धी वाटी, फार तर पाऊण. गूळ विरघळून उकळी आली की चिमूटभर मीठ, जायफळ, आणि मग तांदळाचं पीठ. ते मापाने न घालता, मिश्रण जेवढं मागेल तेवढं घालायचं. साधारण दीड वाटीपाशी उलथनं उभं राहू लागतं. गॅस बारीक करून दणदणीत वाफ काढायची. परातीत काढून गरम असतानाच तेलाच्या हाताने मळायचं. पाणी अजिबात नाही. केळीच्या पानावर तेल लावून जाडसर थापायचे, वर खसखस टोचायची आणि मध्यम आचेवर तळायचे. आच मोठी झाली तर गूळ बाहेरून काळा पडतो आणि आत पीठ कच्चं. कडा थापताना फाटत असतील तर पीठ कोरडं झालंय, अर्धा चमचा तूप लावून पुन्हा मळा. चांगला घारगा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, म्हणून आदल्या रात्री करून ठेवायला हरकत नाही. मात्र डब्यात भरण्याआधी पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर घाम धरतो.

ओव्हनचं काय, असं विचारणाऱ्यांना मी पोपटीकडे बोट दाखवीन. डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरल्या की कर्जत-खालापूरच्या शेतांत रात्री पोपट्या लागतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, रताळी, कांदे, कुणाकडे अंडी, कुणाकडे पाल्यात गुंडाळलेली कोंबडी, तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबलेला. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या आणि अर्धा तास जाळ. थेंबभर पाणी नाही; शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. कोरडी धग, वर स्वतःचीच वाफ आणि भांबुर्ड्याचा कडसर वास. बटरनटला याहून चांगली भट्टी कुठली? मानेच्या दोन बोटं जाड चकत्या सालासकट घ्या, मीठ, ओवा आणि तिखट लावा आणि मडक्याच्या मध्यभागी, रताळ्यांच्या सोबतीला ठेवा. तुकडे लहान केले तर शेंगा व्हायच्या आधी त्यांचा चिखल होईल. साल पातळ असल्याने भाजल्यावर ती चावून खाता येते. ज्यांच्याकडे शेत नाही, मडकं नाही, त्यांनी जाड तव्यावर तेल सोडून झाकणाखाली दोन्ही बाजू भाजाव्या. वास येणार नाही, पण चव पुष्कळ येते.

पोपटीतल्या उरलेल्या चकत्यांचं सकाळी भरीत करावं. साल काढून काट्याने मोडायच्या, पार पेस्ट करायची नाही. ओली मिरची आणि मीठ खलबत्त्यात कुटून, घट्ट दही, दाण्याचं जाडसर कूट, वरून तुपाची हिंग-मोहरीची फोडणी. साखर घालायची सवय असली तरी इथे हात आवरा. धुरकट भाजलेल्या भोपळ्याला दह्याची आंबट बाजू हवी असते.

रोजच्या भाजीत दोन तऱ्हा. पहिली वालाची: भिजवून मोड आणून सोललेल्या डाळिंब्या आधी अर्ध्या शिजवून घ्यायच्या, मग फोडणीत मेथीदाणे, हिंग, हळद, त्यावर बटरनटच्या मोठ्या फोडी आणि डाळिंब्या एकत्र. वालाचा कडवटपणा आणि भोपळ्याची गोडी एकमेकांना सावरतात, त्यामुळे गूळ नावापुरता, दोन आमसुलं आणि मूठभर ओलं खोबरं. डाळिंब्या आधी का, तर बटरनट आठ-दहा मिनिटांत शिजतो आणि वालांसाठी थांबत नाही. दुसरी तऱ्हा सुकट किंवा जवळ्याची. आगरी घरांत सुका जवळा कुठल्याही फळभाजीत बिनधास्त पडतो. जवळा कोरडा भाजून, धुऊन, लसूण-कांद्याच्या परतलेल्या मसाल्यात घालायचा, मग भोपळा. ज्यांना भोपळ्याची भाजी 'गुळमट' म्हणून आवडत नाही, त्यांच्यापुढे ही ठेवावी आणि गप्प बसावं.

सुपाबद्दल थोडक्यात, कारण बटरनट म्हटलं की हॉटेलवाल्यांना सूपच सुचतं. बरेचदा ते लहान मुलाच्या पेजेसारखं गोड आणि गुळगुळीत असतं. करायचंच तर भाजलेला गर पातळ नारळाच्या दुधात घोटा, दाट दूध शेवटी घालून फक्त गरम करा, उकळू नका, आणि वर तेलात लाल केलेला भरपूर लसूण आणि सुकी मिरची ओता. लिंबू पिळा. बरोबर ब्रेडऐवजी तांदळाची भाकरी.

सालीची चटणी होते: बारीक चिरून तेलात कुरकुरीत होईतो परतायची, तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची घालून कुटायची. बिया धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून भाजल्या की चहाबरोबर संपतात. मोठ्या भोपळ्याइतक्या त्या निघत नाहीत, हे मात्र खरं. आणि कुठल्याही भोपळ्याची फोड शिजवण्याआधी जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर आख्खं फळ टाकून द्या. तो कडूपणा शिजवून जात नाही आणि त्याने पोट चांगलंच बिघडतं.

परसात लावायचा असेल तर कडावच्या हवेत अडचण नाही. बी टोचल्यापासून साडेतीन महिन्यांच्या आसपास फळ तयार होतं. रंग हिरवटाचा पूर्ण बदामी झाला, नखाने साल ओरखडली जात नाही आणि देठ वाळला, की दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून कापायचं. देठ मोडलेलं फळ तिथूनच सडतं. आठ-दहा दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवलं की साल घट्ट होते आणि आतल्या पिठूळपणाची साखर होत जाते. वेलीवरून काढल्या दिवशी चिरलेला बटरनट म्हणूनच बेचव लागतो. थंड देशांत तो तीन महिने आणि जास्तही टिकतो. आपल्या दमट हवेत एवढी आशा धरू नये, आणि ढीग न करता एकेक फळ सुटं ठेवावं. त्रास होतो तो फळमाशीचा. कोवळ्या फळाला ती डंख मारून आत अंडी घालते. कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा काकडीवर्गीय पिकांचं आमिष लावून वेल फुलायच्या आधीच टांगला, तर फळं वाचतात. पहिली आठ-दहा फुलं नुसती नर असतात, त्यामुळे फळ का धरत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. त्यांची तांदळाच्या पिठातली भजी करा, दोन-तीन फुलं परागासाठी सोडा.

बी मात्र जपून धरा. बटरनट आणि शेजारच्या छपरावरचा मोस्काटा जातीचा लाल भोपळा एकमेकांच्या परागाने फळतात. त्या वर्षी फळ बटरनटसारखंच दिसेल, पण त्याची बी पुढच्या मृगाला लावलीत तर मानही नाही आणि धड पोटही नाही असं काहीतरी वेलीला लागेल. खायला ते बहुतेक वेळा उत्तमच असतं. पण मानच हवी असेल, तर दुसऱ्या सकाळी उमलणारी एक मादी कळी आणि एक नर कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने हलकी बांधायची. सकाळी नऊच्या आत दोन्ही सोडून नराचे केसर मादीच्या मध्यावर फिरवायचे, मादी फूल पुन्हा बांधायचं आणि त्या देठाला रंगीत चिंधी लावायची. बी त्याच फळाचं ठेवायचं. आणि पाकिटावर संकरित असं छापलेलं असेल, तर हा सगळा खटाटोप करू नका, कारण त्या बियांतून पुढच्या वर्षी आईसारखी लेक येत नाही.