समुपदेशकाचं कोण ऐकतं?

मुंबईतल्या गोराईच्या पॅगोडात, एकही खांब नसलेल्या त्या अवाढव्य घुमटाखाली, हजारो माणसं मौनात बसू शकतात. मानसोपचाराची सगळी मदार मात्र बोलण्यावर, आणि ते बोलणं चालतं बंद दाराआड, दोघांतच. मग उपचार नीट चाललाय की नाही, हे ठरवायचं कोणी?

उपचारकानेच, असं आपण धरून चालतो. पण 2005 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात उपचारकांना विचारलं, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची अवस्था बिघडेल? 550 जणांतून त्यांनी फक्त तिघं निवडले. बिघडली 40 जणांची, आणि त्या तिघांतला एकच त्यांत निघाला. माणूस ओळखणं हाच ज्यांचा पेशा, त्यांची ही गत!

गोव्यात यावर निघालेला तोडगा मला थक्क करतो. तिथल्या 'संगथ' संस्थेत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरच्या उपचारासाठी साधी माणसं तयार केली. मानसोपचाराचं पूर्वशिक्षण कोणाचंच नव्हतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्यांशी सहा ते आठ बैठका. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो आणि सोडल्यामुळे आणखी खचतो. म्हणून मन लागायची वाट न पाहता आधी काहीतरी छोटं करायला लावायचं, ही पद्धत.

खरी गंमत पुढे आहे. या बैठका ध्वनिमुद्रित व्हायच्या. मग समुपदेशक एकत्र बसून आपल्यातल्याच एकाची बैठक ऐकायचे आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण द्यायचे. आपलं अडखळणं, आपली घाई सहकाऱ्यांसमोर वाजताना ऐकायची, याला छाती लागते. आणि या नवशिक्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बरेचसे जुळले!

पण खासगी दुःख असं चारचौघांत ऐकवायचं? ज्याचं दुःख, त्याची संमती असेल तरच. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयतेला हक्कच मानतं. नकार दिला म्हणून उपचार थांबत असेल, तर त्या संमतीला काही अर्थ नाही.

2017 सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातल्या या प्रयोगाचा निकाल आला. तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेले, नेहमीच्या उपचारांच्या गटात 39 टक्के. समुपदेशनाची जोड मिळालेल्यांत 64 टक्के. यातलं श्रेय पद्धतीचं किती आणि त्या ध्वनिफितींचं किती, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. तरी बोरिवलीत समुपदेशक शोधणाऱ्याने पदवीइतकीच याचीही चौकशी करावी: तुमचं काम तपासतं कोण?